सहाव्या चॅनेलची शुभ रात्री

२ मार्च, बुधवार

चोवीस तास! ईस्टरपासून आमचं सहावं चॅनेल चोवीस तास चालणार म्हणे. बघणार कोण? पाली?

नवा मॅनेजर जेरिक मॅनिलाहून आला आहे. वय माझ्या नोकरीपेक्षा कमी, आणि बुटात मोजे नाहीत. आज सगळ्यांना कॅन्टीनमध्ये उभं करून म्हणाला, "आता आपण कधीच झोपणार नाही!" टाळ्या. वाजवणाऱ्यांत मीही – नोकरी आहे ना! रात्री दहानंतर थेट मॅनिलाहून जाहिराती येणार. पोट आत घेणारा पट्टा आणि काही न चिकटणारा तवा. पहाटेपर्यंत पट्टा, तवा, पट्टा, तवा. म्हणून रात्रीचा साइन-ऑफ बंद. झेंडा नाही, राष्ट्रगीत नाही, 'शुभ रात्री' नाही. पवित्र आठवड्यातल्या बुधवारी शेवटचा. मग गुरुवार ते शनिवार चॅनेल दरवर्षीसारखं मुकं, आणि रविवारी पहाटे एकदा चालू झालं की झालं. पुन्हा बंद होणे नाही.

"मनांग पान्यांग, तुम्हाला तर फारच वाईट वाटत असेल," जेरिक म्हणाला. साइन-ऑफचं बटण रोज ही मनांग, ही ताई दाबते ना, म्हणून. मान तिरकी करून, डोळ्यांत पाणी आणल्यासारखं करून म्हणाला. अंत्यदर्शनाला आल्यासारखा!

वाईट? घरी येताना ला पाझच्या बाजारात उतरले आणि मोठा वाडगा भरून बाचोय, शेवयांचं गरम सूप, खाल्लं. वर अंडं फोडून. सुटले एकदाची त्या आवाजातून!

घरी आले तर सासूने भात झाकून ठेवलेला. "बाहेर खाऊन आलीस?" म्हातारीने विचारलं आणि तोंड फुगवून भिंतीकडे वळून झोपली. ही एक रोजची कटकट. हिला झोप येत नाही म्हणून चुलीशी खुडबुड करत बसते, आणि भूक नसली तरी खायचं मी.

३ मार्च, गुरुवार

त्या आवाजाबद्दल या वहीत कधी लिहिलं नाही. रोज ऐकते तेवढं पुरे. पण आता सुटका होतेच आहे तर लिहून टाकते.

१९८८ साली रोसेंदोने तो निरोप रेकॉर्ड केला. तेव्हा तो माझा नवरा होता. (चर्चच्या लेखी अजूनही आहे!) आणि स्टेशनचा आवाज होता. दोन्ही ठिकाणी आवाजापलीकडे त्याच्याजवळ काही नव्हतं. १९९३ साली दुपारच्या गाण्याच्या स्पर्धेतली एक पोरगी घेऊन तो दावावला पळाला. स्पर्धेत तिसरी आलेली. पहिली तरी पळवायची! बायको टाकली, आई टाकली, आवाज तेवढा मागे राहिला. काढून टाकायचा कुणाला उत्साह नाही. फितीवरून कॅसेटवर, कॅसेटवरून कॉम्प्युटरमध्ये. मालक बदलले, इमारत बदलली, पडद्यावरचा झेंडासुद्धा तीनदा बदलला. हा आपला गूळ खाल्ल्यासारखा बोलतोच आहे –

"प्रिय प्रेक्षकहो, आजची आमची सेवा इथे संपते. दिवे मालवा, दारं लावून घ्या. जे अजून बाहेर आहेत, ते सुखरूप घरी पोचोत. शुभ रात्री."

जे बाहेर आहेत ते घरी पोचोत! तोंड वर करून म्हणतो! तू कुठे पोचलास रे?

तेवीस वर्षं पळून गेलेल्या नवऱ्याला रोज रात्री दहा वाजता मी माझ्याच बोटाने बोलतं करते. सबंध बेटाला तो शुभ रात्री म्हणतो. आणि मी दिवा मालवून जिपनी पकडते.

५ मार्च, शनिवार

शेजारीण इस्यांग कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "काय गं, खरंच बंद होणार तुमचा साइन-ऑफ? मग नानायचं कसं व्हायचं?"

नानाय म्हणजे रोसेंदोची आई. माझी सासू. नाव त्रिनिदाद, पण सगळी गल्ली तिला नानाय म्हणते. तो गेला तेव्हा 'मी आता कुठे जाऊ' असं तिने विचारलं नाही, आणि मीही 'जा' म्हटलं नाही. झालं. राहिली. आता नव्वदीला टेकली आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनचं नाव काढलं की सगळ्या संतांना नवस बोलते.

"तुला काय माहीत," इस्यांग म्हणाली, "तू तर तेव्हा स्टेशनात असतेस. मी खिडकीतून रोज बघते. दहा वाजायच्या आधी बिचारी टीव्हीपुढे खुर्ची ओढून बसते. राष्ट्रगीताला उभी राहते, हात छातीवर. मग पोराचा आवाज आला की कान देऊन ऐकते. संपला की म्हणते, 'देवा, तुझे उपकार!' आणि डोळे पुसते."

मोतीबिंदूचे डोळे दिवसभर गळतात, ते काही इस्यांगला दिसत नाही.

पण ऐकून डोकं फिरलं. ज्याने तेवीस वर्षांत एकदा तोंड दाखवलं नाही, त्याच्यासाठी देवाचे उपकार! आणि हिचं पथ्यपाणी करते मी. पाय चेपते मी. आईच्या जातीला अक्कल कमीच देतो देव.

६ मार्च, रविवार

सुट्टी. म्हातारी आठलाच गुडुप. दर रविवारचं हे असंच. मी घरात असले की पोराचं ऐकायला बसायची लाज वाटते वाटतं!

९ मार्च, बुधवार

जेरिकच्या डोक्यात नवीन किडा. "लोकांना जुनं फार आवडतं, मनांग. शेवटच्या बुधवारी आपण आपल्या सगळ्या साइन-ऑन आणि साइन-ऑफचा इतिहास दाखवू. पहिल्या दिवसापासूनचा!" आधी ठार मारायचं, मग फोटोला हार घालायचा.

मागची कपाटं उघडायचं काम अर्थातच माझ्याकडे. बरोबर नोंग पोन्सो, म्हणजे पोन्सोदादा – ट्रान्समीटर सांभाळतो तो. माझ्याहून जुना, आणि त्या फितींइतकीच बुरशी चढलेला. दोघं शिंकत बसलो दिवसभर.

सुरुवातीला फीतसुद्धा नव्हती. सकाळी आधी नुसता चौकटींचा आणि वर्तुळांचा तक्ता दिसायचा आणि कानात शिरणारी शिट्टी. लोक तोही बघत बसायचे! नोंग पोन्सो सांगतो, जारोच्या चौकात दुकानातल्या टीव्हीपुढे तक्ता बघायला माणसं उभी असायची. मग झेंडा, राष्ट्रगीत, पाद्रीबुवांची प्रार्थना, आणि निवेदक जिवंत माईकपुढे बसून वाचायचा – आम्ही सहावं चॅनेल, आमचा मनोरा अमुक ठिकाणी, आमची ताकद एवढी. रात्री पुन्हा सगळं उलट. कोणी विचारलं होतं ताकद किती ते? पण सांगायचं. घरात पाहुणा आला की नाव, गाव सांगतो ना, तसं.

मार्शल लॉ आला तेव्हा राष्ट्रगीताच्या जोडीला सरकारचं एक नवं गाणं लावावं लागे. नवा समाज, नवी पहाट, असलं काहीतरी. रोज सकाळी नवी पहाट. किती वर्षं! नंतर सरकार पडलं तेव्हा ते गाणं एका रात्रीत गायब झालं. कुणी हुकूम दिला नाही. नोंग पोन्सोने फीत काढली आणि तिने टोमॅटोची रोपं बांधली.

१० मार्च, गुरुवार

आज हसून हसून बरगड्या दुखल्या. लिहून ठेवते, नाहीतर विसरेन.

कपाटात झेंड्याची जुनी काचेची स्लाइड सापडली. कडेला लाल रंगाने मोठा बाण – 'ही बाजू वर'. मी विचारलं, हे कशाला? नोंग पोन्सो लाजला. सत्तर वर्षांचा माणूस, कानापर्यंत लाल झाला.

मार्शल लॉचे दिवस. रात्रीचा साइन-ऑफ. याने घाईत स्लाइड उलटी घातली. राष्ट्रगीत सुरू, आणि पडद्यावर झेंडा – निळा खाली, लाल वर! आमच्याकडे लाल वर केव्हा जातो ते शेंबडं पोरही सांगेल. युद्ध पुकारलं की.

"मला स्टुडिओत सगळं सरळच दिसत होतं," म्हणतो. "मी मान वाकडी करून बघत होतो ना."

गीत संपायच्या आत फोन. मग सैनिकांची गाडी दारात. तोवर बंदराजवळच्या एका चिनी दुकानदाराने तांदळाची पोती आत ओढून शटर खाली घेतलेलं. एक निवृत्त शिक्षक छत्री आणि बंडीचा जोड घेऊन लढायला ठाण्यावर हजर! कॅप्टनने याला विचारलं, "युद्ध कोणाशी?" हा म्हणाला, "साहेब, माझी बायकोशीसुद्धा भांडायची ताकद नाही." तेव्हा सोडलं. बाण त्यानंतरचा.

जेरिकला सांगितलं तर म्हणाला, "वा! पण हे नको. नकारात्मक वाटेल."

म्हणजे एवढ्या इतिहासात जे एक खरंखुरं घडलं तेवढं वगळायचं.

१२ मार्च, शनिवार

काल रात्री पुन्हा फाटकाची कडी उघडी! सांगून सांगून जीभ झिजली. "नानाय, चोर येईल." तर म्हणते, "चोराला कडी काढता येत नाही का?" हिच्याशी वाद घालणं म्हणजे डोकं भिंतीवर आपटणं.

१५ मार्च, मंगळवार

त्याला बोलावलंय.

जेरिकने रोसेंदोला बोलावलंय. दावावहून. विमानाचं तिकीट देऊन. "कल्पना करा मनांग, तोच माणूस, तोच निरोप, शेवटच्या रात्री समोर उभा राहून! लोक रडतील!"

मी म्हटलं, "लोकांचं माहीत नाही."

जेरिकला कुणीतरी कोपऱ्यात नेऊन आमचं नातं सांगितलं असावं. दुपारी येऊन म्हणाला, "मला खरंच माहीत नव्हतं हो. तुम्हाला त्या दिवशी सुट्टी देऊ का?" अगदी पडेल चेहरा.

"कशाला? बटण कोण दाबणार? तुम्ही?"

मग त्यानेच रोसेंदोचा फोन मला जोडून दिला. तेवीस वर्षांनी. आधी खोकला. मग, "पान्यांग? ओळखलंस का?"

"रोज ऐकते," मी म्हटलं.

खूश झाला! स्तुती वाटली त्याला! "हो ना, अजून तोच लावता म्हणे! पान्यांग, त्या रेकॉर्डिंगची एक प्रत मिळेल का? नातवंडांना ऐकवायची आहे." नातवंडं. बरं. मी वाट बघत राहिले, आता विचारेल, आता विचारेल. नाहीच. शेवटी मीच म्हटलं, "तुझी आई जिवंत आहे."

"हो का? वा! किती बरं वाटलं ऐकून." हवामानाची बातमी ऐकावी तसं.

१७ मार्च, गुरुवार

रात्री झोप नाही. माझ्यासाठी नाही – माझं काय, मी बुधवारी बटण दाबीन आणि हात धुवीन. म्हातारीचं काय?

एवढं म्हातारं माणूस. डोळे नाहीत. दिवसभर खुर्चीत. रात्री दहाचा तो एक आवाज, त्याच्यावर दिवस ढकलते. तो काढून घेतला तर? नोंग पोन्सोची आई, त्यांचा कोंबडा मेला तर आठ दिवसांत गेली. म्हातारी माणसं अशाच कशाला तरी अडकवलेली असतात.

म्हणून आज नाक मुठीत धरून तो आवाज कॉम्प्युटरमधून उतरवून घेतला. जुन्या फोनमध्ये. नव्यात त्याला जागा द्यायची नाही. साइन-ऑफ बंद झाला की रोज दहाला म्हातारीला लावून द्यायचा. चोवीस तासवाल्यांनी तवे विकावेत, आमच्या घरात साइन-ऑफ होईल!

लिहिताना मलाच हसू येतंय. ज्याच्या आवाजातून सुटले म्हणून बाचोय खाल्लं, त्यालाच मी घरी आणून ठेवलंय. मूर्ख बाई.

१८ मार्च, शुक्रवार

रविवारच्या साइन-ऑनसाठी राष्ट्रगीत नव्याने गाऊन घेतलं. गायला टीव्हीवरच्या स्पर्धेतली पोरगी. (ही पण तिसरी! या स्टेशनला तिसऱ्या क्रमांकाचं काय वेड आहे?)

राष्ट्रगीत म्हणजे सैनिकांनी पाय आपटत चालायची चाल. कायद्यातच आहे, मूळ चालीत म्हणा म्हणून. ही काय करते, डोळे मिटते, उसासा टाकते, एकेका शब्दाला चार चार हेलकावे. आजारी लेकराला झोपवतेय जशी. शेवटच्या ओळीत देशासाठी मरायचं असतं, तिथे पोचेपर्यंत आम्ही सगळे मेलो होतो.

जेरिकच्या डोळ्यांत पाणी. "काय भाव आहे!"

नोंग पोन्सो माझ्या कानात, "हिच्यासाठी उभी राहिली तर तुझी सासू खाली बसायच्या आत आडवी होईल."

२० मार्च, रविवार

आज ताडाच्या झावळ्या घेऊन चर्चला जाऊन आलो. नानायला ट्रायसिकलमध्ये कोंबून नेली, कोंबून आणली. वाटेत दोनदा ड्रायव्हरला शिव्या दिल्या, हातात पवित्र झावळी धरून.

दुपारी ती शेवग्याची पानं खुडत बसली होती. म्हटलं, आता सांगितलंच पाहिजे.

"नानाय, तो दहाचा निरोप आहे ना, तो बंद होणार. बुधवारी शेवटचा."

हात थांबले. "का?"

"रात्रभर तवे विकणार आहेत."

"रात्री तवा कोण घेतं?" मग पुन्हा एक पान खुडत, "आणि तू? तू केव्हा येणार?"

"माझं काय! मॅनिलाची जोडणी लागली की निघायचं. कधी दहा, कधी अकरा, कधी बारा. नेम नाही."

"नेम नाही," ती म्हणाली. पानांबरोबर देठंही पातेल्यात टाकायला लागली. मी एकेक बाजूला काढली.

पोरासाठी जीव तुटतोय, आणि मला दाखवायचं नाही म्हणून माझी चौकशी! मला कळत नाही वाटतं? जाऊ दे. पण राग आला नाही आज. पहिल्यांदाच राग आला नाही. नुसतं वाईट वाटलं. रोसेंदो येणार आहे ते मात्र सांगितलं नाही. तो घरी येईल असं वाटत नाही, आणि आशेला लावून ठेवण्यापेक्षा न सांगितलेलं बरं.

२४ मार्च, पवित्र गुरुवार, सकाळी

झालं. काल शेवटचा साइन-ऑफ झाला. सगळं लिहायचं म्हणजे दुपार होईल, पण लिहिते. आज चॅनेल मुकं आहे आणि मला काम नाही.

रोसेंदो संध्याकाळी आला. पांढरा सूट. केसांना काळा रंग, कानामागे ओघळलेला. पोट सुटाच्या आधी दारातून आत. त्या पट्ट्याची जाहिरात याच्यावरच करायला हवी होती! मला बघून हात पसरले. मी हातात माईकची वायर दिली.

"पान्यांग, तू अजून तश्शीच."

"तू नाहीस."

नोंग पोन्सोला एकदम खोकल्याची उबळ आली.

मग तालीम. लाल दिवा लागला, सगळे गप्प, रोसेंदोने छाती भरून घेतली, आणि – काय निघालं तोंडातून! कवळी शिट्टी वाजवते. 'प्रिय प्रेक्षकहो'ची नुसती हवा झाली. पुन्हा. पुन्हा शिट्टी. आवाज सुकून गेला आहे, ओल्या लाकडासारखा नुसता धूर. आयुष्यभराची कमाई ती एकच, तीही गेली.

मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झाला. मग नाही झाला. घामाने त्याचा रंग कपाळावर उतरायला लागला होता, आणि तो जेरिककडे बघत होता – शाळेत पाढा विसरलेल्या पोरासारखा.

"हरकत नाही," जेरिक म्हणाला, "मनांग, तुम्ही जुनाच लावा. सर नुसते ओठ हलवतील."

तर असा झाला इतिहास! दहा वाजता झेंडा, राष्ट्रगीत – जुनं, पाय आपटणारं, देवाची कृपा – आणि मग पडद्यावर पांढऱ्या सुटातला रोसेंदो. मी बटण दाबलं. तरणाबांड रोसेंदो बोलायला लागला आणि म्हातारा रोसेंदो ओठ हलवायला लागला. एक शब्द मागे. 'शुभ रात्री' झालं तेव्हा त्याचं तोंड अजून 'घरी पोचोत'वर होतं.

मग रंगीत पट्ट्या. मग मुंग्या. नोंग पोन्सोने ट्रान्समीटरचा खटका ओढला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बाकीच्यांनी केक कापला.

बाहेर मी रोसेंदोला गाठलं. म्हटलं, "जिपनी मिळेल अजून. पंधरा मिनिटांत घरी पोचशील. ती जागी असते. भात गरम असतो." होय, मी म्हटलं हे! मी! गयावया केली म्हटलं तरी चालेल.

"सकाळचं विमान आहे गं. पुढच्या वेळी नक्की. आईला माझा नमस्कार सांग." आणि केकचा तुकडा कागदात बांधून माझ्या हातात दिला. आईसाठी. केक!

जिपनीत बसून मी तो केक खाल्ला. सगळा. रागाने.

फाटक उघडं, दिवा लागलेला, भात आणि शेवग्याच्या पानांचं गरम पाणी. म्हातारी ताटाशी बसलेली. मी घास घेतला. मग म्हणाली, "आज पडद्यावर एक पांढरा डाग होता. इस्यांग खिडकीतून ओरडली, रोसेंदो आहे म्हणून. खरं का?"

"हो."

"जाडा झालाय," ती म्हणाली. "मीठ बरोबर आहे का?"

बस. एवढंच! पोटात केवढं गाडून ठेवलं असेल तिने! मला जेवण जाईना. ती समजली मी बाहेर खाऊन आले आणि पुन्हा तोंड फुगवलं.

दुपारी

जुना फोन चार्ज करून ठेवला. दोनदा लावून पाहिला, चालतो. आज दहाला टीव्हीवर काही नसणार. ती खुर्ची ओढून बसली की मागून हळूच लावायचा. आजपासून रोज. ती आहे तोवर रोज. मी दात ओठ खाऊन ऐकीन. तेवढं तिच्यासाठी करता येईल मला.

२५ मार्च, गुड फ्रायडे

काल रात्री दहा वाजले तरी ती खुर्चीत आली नाही. अंथरुणावर पडली होती. मीच जाऊन फोन कानाशी धरला. रोसेंदो सगळं बोलला, शुभ रात्रीपर्यंत.

ती गडबडून उठून बसली. दाराकडे बघितलं. मग हात पुढे करून माझा दंड चाचपला.

"अगं, तू तर इथेच आहेस. मग हे कशाला लावलंस?"

"तुमच्यासाठी, नानाय. तुमच्या पोराचा आवाज."

"त्याला काय करू? मला घड्याळ दिसत नाही, इंदाय, पोरी. तो बोलून झाला की तू निघतेस. मग मी फाटकाची कडी काढते, भात चढवते. भात होतो आणि तू येतेस." मग म्हणाली, "रविवारपासून मला कळणार कसं, तू निघालीस ते?"

तेवीस वर्षं मी तिला मूर्ख म्हणत होते. खूप रडले. ती म्हणाली, उपवासाने डोकं धरलं असेल, पाणी पी.

रोसेंदोचा आवाज पुसून टाकला. फोन तिच्या उशाशी ठेवला आहे. निघताना मी वाजवायचा. तिने उचलायचा नाही. वाजला की भात चढवायचा.